माझ्या हातातली सळई तुम्ही काढून घेतली नाहीत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. टॉर्चच्या, म्हणजे गॅस आणि ऑक्सिजनवर चालणाऱ्या बर्नरच्या, ज्योतीवर काच वितळवून मणी करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना चांगलं शिकवणं कसं असतं तेही यातून कळावं. तुमचं नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक आहे.

या कामाचं मला जितकं आकर्षण होतं, तितकीच भीती होती. गॅस, ऑक्सिजन, उघडी ज्योत आणि वितळलेली काच, सगळं एकाच टेबलावर. "घाबरू नका" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, याबद्दल पहिले आभार. कशाला घाबरायचं आणि का, हे तुम्ही एकेक करून सांगितलंत. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर कुठे आणि कसा ठेवायचा याला महत्त्व. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये, कारण शुद्ध ऑक्सिजनच्या दाबाखाली तेच पेट घेऊ शकतं. पेटवताना आधी प्रोपेन, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग प्रोपेन. सुती कपडे, बांधलेले केस, डोक्यावर धूर ओढून नेणारा पंखा आणि बाहेरची हवा आत यायला वाट. प्रत्येक नियमाला कारण जोडलेलं असल्यामुळे पाठ काहीच करावं लागलं नाही, आणि म्हणूनच सगळं लक्षात राहिलं.

चष्म्याचंही तसंच. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे ज्योतीत झगझगीत पिवळा प्रकाश उठतो आणि त्याच्यामागे काच काय करते आहे ते दिसतच नाही. डिडिमियमचा चष्मा घातला आणि तो पिवळा भडका पुसल्यासारखा गेला. प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम असलेली ती काच 589 नॅनोमीटरच्या आसपासचा तो पिवळा प्रकाश शोषून घेते. चष्म्यातून मला पहिल्यांदा काचेच्या कांडीचं टोक दिसलं: कडा गोल होत चाललेली, आतून नारिंगी, स्वतःच्या वजनाने खाली झुकायला लागलेलं. ते दृश्य बघून मी बोलायचीच थांबले होते, आणि तुम्हीही काही न बोलता मला ते हवं तितका वेळ बघू दिलंत. हाच चष्मा बोरोसिलिकेट काचेच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, कामाला पुरत नाही, तिथे जास्त गडद काच लागते, हेही तुम्ही लगेच सांगून ठेवलंत.

मग कांडी माझ्या हातात आली. थंड काच एकदम ज्योतीत घातली तर बाहेरचा थर ताडकन फुगतो, आतला तसाच राहतो आणि टोकाच्या कपच्या उडतात. म्हणून आधी ज्योतीच्या लांबच्या टोकात आत-बाहेर, आत-बाहेर, कांडी सतत फिरवत. टॉर्चच्या तोंडाशी दिसणाऱ्या निळ्या सुळक्यांच्या बराच पुढे काम करायचं. दुसऱ्या हातात पोलादी सळई, तिच्यावर मातीसारखा लेप वाळवलेला, म्हणजे काच धातूला कायमची चिकटत नाही. सळई तापून मंद लाल झाली की काचेचा मधासारखा सैल झालेला थेंब तिला टेकवायचा आणि सळई आपल्यापासून दूर वळवत राहायची. काच सळईभोवती गुंडाळली जाते. वेढा पूर्ण झाला की कांडी आणि मणी यांच्यामधला बारीक धागा ज्योतीने तोडायचा.

लिहायला एवढंसं वाटतं. हातांना मात्र दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची असतात, आणि फिरवणं क्षणभर थांबलं की मणी एका बाजूला लोंबतो. ताई, मी ज्याबद्दल खरं म्हणजे हे पत्र लिहिते आहे ते इथे घडलं. मणी लोंबायला लागला आणि तुमचा हात पुढे आला नाही. दुसरं कुणीही सळई हातातून काढून घेतली असती, चटकन मणी सारखा केला असता आणि "असं करायचं" म्हणून परत दिली असती. तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसून एवढंच म्हणालात, "जड बाजू वर आणा आणि थांबा. आता तीच खाली येईल." मी वर आणली. ती खाली आली. पुन्हा फिरवलं आणि बघता बघता मणी गोल झाला, कारण वितळलेल्या काचेला पृष्ठताणामुळे मुळातच गोल व्हायचं असतं. गुरुत्वाकर्षण काचेला ओढतं, पृष्ठताण आवळतो आणि आपण फक्त फिरवत राहायचं, हे मला कुठल्याही वाचनातून इतकं स्वच्छ समजलं नसतं. हाताला समजलं ते तुम्ही तुमचा हात आवरलात म्हणून.

शिकवणाऱ्याला हात आवरणं किती अवघड जात असेल, हे आता थोडं कळतं. समोर बिघडत असलेली गोष्ट दोन सेकंदांत सुधारता येत असताना गप्प बसायचं. माझ्या मते शिकवण्यातलं हे सगळ्यात मोठं कौशल्य, आणि त्याची दाद सगळ्यात कमी मिळते.

मण्याची दोन्ही टोकं आत वळलेली असावीत यावर तुमचा कटाक्ष आहे, तोही मला पूर्ण पटला. काच सळईवर जितकी रुंद बसली आहे त्या मानाने वर पुरेशी चढली, की टोकं आपोआप भोकाकडे खळगी होऊन वळतात. कमी काच असेल तर कडा धारदार राहते आणि पुढे माळेचा दोरा कापते. रंग कितीही सुंदर असो, मणी आधी तिथे तपासायचा. विकत घेतलेल्या माळांचे मणी मी आता उचलून आधी भोक बघते.

रंगांबद्दल तुम्ही जे दाखवलंत त्यावर वेगळं पत्र होईल. लाल काच ज्योतीत जवळजवळ काळी दिसते आणि गार होताना परत स्वतःच्या रंगावर येते. फिरोजी काचेत तांबं असतं. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की तिच्यावर विटकरी साय धरते. तीच फिरोजी हस्तिदंती रंगाच्या काचेवर लावली की दोन्हींच्या मध्ये काळसर रेघ उमटते, कारण एकीतलं तांबं आणि दुसरीतलं गंधक यांची अभिक्रिया होते. ती रेघ कुणी काढलेली नसते! मला या कामातलं सगळ्यात आवडलेलं हेच.

आणि भट्टी. तयार मणी हातात घ्यायची मला घाई झाली होती. तुम्ही तो थेट तापलेल्या भट्टीत ठेवायला लावलात आणि दार बंद केलंत. उघड्यावर मणी बाहेरून आधी गार होतो, आतला गाभा नंतर आकसतो आणि तो ताण काचेत कोंडून राहतो. मग कधी लगेच, कधी कित्येक दिवसांनी मणी तडकतो. आपल्या कांड्यांची ही मऊ सोडा-लाइम काच साधारण 500 ते 520 अंश सेल्सिअसला काही काळ धरायची आणि मग सावकाश उतरवायची. तेव्हाच तुम्ही प्रसरण गुणांकाचं, म्हणजे काच तापल्यावर किती फुगते त्याच्या मापाचंही सांगितलंत: कांड्यांवर लिहिलेला 104 हा आकडा जुळलेला हवा, 33 ची बोरोसिलिकेट काच त्यात मिसळली तर भट्टीसुद्धा मणी वाचवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सळई पाण्यात भिजवून मणी पिळून काढला आणि भोकातला लेप पाण्याखालीच घासला, कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांत जाणं वाईट. हा शेवटचा कंटाळवाणा भागसुद्धा तुम्ही स्वतः शेजारी उभं राहून करून घेतलात. बरेच जण ज्योत विझली की शिकवणं संपलं असं धरतात.

तुमचा वेळ, तुमचा गॅस, तुमच्या कांड्या, सगळं तुम्ही सढळ हाताने दिलंत. त्याची परतफेड लगेच जमणार नाही. तुमच्याकडे नवीन कुणी शिकायला येणार असेल तर सळयांना लेप लावणं, त्या वाळवणं, भट्टीवर लक्ष ठेवणं ही कामं माझ्याकडे द्या. मी मनापासून करेन. आणि मला आता काचेचा बारीक धागा ओढून मण्यावर ठिपके द्यायला शिकायचं आहे. येईन तेव्हा फिरोजी आणि हस्तिदंती कांड्या तेवढ्या बाहेर काढून ठेवा.

तुमची,
नवी विद्यार्थिनी