सायलेन्सरच्या आधी ब्रेक ऑइल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत वरचेवर छापून येतात. कारवाई योग्यच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझी तक्रार वेगळी आहे. गाडीवर जीव टाकणारी मुले खर्च करतात, पण उलट्या क्रमाने: आवाज आणि पिकअप आधी, थांबणे आणि वळणे मागाहून. रोजचा रस्ता असो, ताम्हिणी घाट असो, की चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या अथवा कोइंबतूरच्या कारी या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी उतरवायची असो, क्रम एकच. ब्रेक, टायर, चेन, शॉकअप, आणि इंजिन सगळ्यांत शेवटी.

ब्रेक ऑइल सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. बहुतेक गाड्यांत डॉट ४ या दर्जाचे असते. ते हवेतली ओल शोषून घेते. रबरी होजमधूनही, म्हणजे ब्रेकच्या नळीतूनही, थोडी थोडी ओल आत शिरत राहते. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल मुरलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला किंवा ट्रॅकवर दर फेरीला जोरात मारला की असे जुने ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, उकळते. ऑइल दाबले जात नाही, वाफेचे बुडबुडे मात्र दाबले जातात. म्हणून लिव्हर थेट ग्रिपला टेकतो आणि गाडी थांबत नाही. गाडी थंड झाली की लिव्हर पुन्हा कडक लागतो, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही आणि ‘सगळे ठीक आहे’ म्हणून गाडी परत दिली जाते.

रस्त्यावरच्या गाडीचे ब्रेक ऑइल दोन वर्षांतून एकदा बदलावे, शक्यतो पावसाळा सरल्यावर. ट्रॅकवर जायचे असेल तर त्याआधी बदलावेच. कॅलिपरच्या निपलवर (ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या झडपेवर) रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावावी, नळीचे दुसरे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा सैल करायचा, लिव्हर ग्रिपला टेकला की निपल आधी बंद करायचे आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की हवा आत जाते. ब्रेक ऑइलची वरची टाकी मध्येच रिकामी होऊ दिली तरी तेच होते, आणि एबीएसच्या (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) पंपात हवा शिरली तर ती काढायला अनेक गाड्यांना डायग्नोस्टिक यंत्र जोडावे लागते. सीलबंद डबा फोडून उरलेले ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. डॉट ५.१ चालते; डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते यात कधीही मिसळू नये. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा.

हात लागलाच आहे तर कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पुसाव्यात आणि उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. पावसाळ्यातल्या चिखलाने पिना जाम होतात आणि एकच पॅड झिजत राहतो. पॅडचा थर दीड मिलीमीटरवर आला की बदलावा. नवे पॅड लगेच पकडत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० कि.मी.वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारून ते डिस्कवर बसवून घ्यावेत. एवढे झाल्यावर ज्यांना बदलाची हौस आहे त्यांनी स्टीलची जाळी असलेली होज बसवावी. रबरी होज दाबाखाली किंचित फुगते, ही फुगत नाही, म्हणून लिव्हरची पकड हाताला नेमकी कळते.

टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. २२२३ म्हणजे २०२३ सालचा २२ वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून सहा-सात वर्षांचे कडक रबर वापरणे धोक्याचे आहे. हवा थंड टायरमध्ये मोजावी आणि चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चिमट्यावर, चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. ट्रॅकवर ती किती कमी करायची हे टायर बनवणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावरून ठरवावे, ऐकीव आकड्यावरून नव्हे. फार कमी हवेने टायर जास्त लवतो, जास्त तापतो, आणि तापल्यावर उलट दाब वाढून पकड जाते. पुण्याहून चेन्नईला गाडी चालवत नेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावे. महामार्गावर मागचा टायर मधोमध चपटा होतो. मग वळणात गाडी एकसारखी झुकत नाही, कडेवर आल्यावर एकदम कलते. त्यापेक्षा टेम्पोतून गाडी नेणे बरे.

चेन रस्त्यावर दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक पावसानंतर साफ करावी. रॉकेलने, मऊ ब्रशने. पेट्रोलने चेनच्या कड्यांतल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. इंजिन बंदच हवे. चालू इंजिनवर गिअर टाकून चेन पुसताना बोटे तुटतात, आणि हे अजूनही सर्रास चालते. चेनचा ढिलेपणा चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावा आणि सर्वांत ताठ जागी तो पुस्तिकेतल्या आकड्याइतका ठेवावा, बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलीमीटर. ताठ चेन दिसायला नीटनेटकी वाटते, पण स्वार बसला, शॉकअप दबला की ती आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग खाते. पिकअप हवा असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पुढे-मागे १५–४५ दातांऐवजी १४–४५ केले तर गुणोत्तर ३ वरून सुमारे ३.२१ होते, म्हणजे मागे तीन दात वाढवण्याइतकाच परिणाम. टॉप स्पीड तेवढा कमी होतो, आणि ज्या गाड्यांत वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिथे मीटर जास्त वेग दाखवू लागतो. जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट बसवू नये. सेट एकत्रच बदलावा.

शॉकअपला खर्च नाही, फक्त मोजपट्टी आणि एक मदतनीस लागतो. मागचे चाक अधांतरी असताना एक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, मग स्वार हेल्मेट-जॅकेटसह बसल्यावर पुन्हा घ्यावे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के यावा. जास्त आला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवावा, कमी आला तर उतरवावा. पुढच्या फोर्कमधून ऑइल गळत असेल तर ते खाली डिस्कवर पोचते. त्याकडे ‘थोडेसेच आहे’ म्हणून पाहू नये.

आता सायलेन्सर. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवला की इंजिनात हवा जास्त जाते, पेट्रोल मात्र पूर्वीच्याच हिशोबाने. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हलक्या थ्रॉटलवर हे सावरतो. पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरलेल्या तक्त्यानेच पेट्रोल सोडतो. तिथेच मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, थ्रॉटल सोडताना फटाके वाजतात. ते फटाके ताकदीचे लक्षण नाहीत. ईसीयूचे ट्यूनिंग केल्याशिवाय हा खर्च वाया जातो, आणि केले तरी ती गाडी ट्रॅकपुरतीच. रस्त्यावर ती बेकायदाच राहते.

ट्रॅकवर जाण्याआधी आरसे आणि नंबरप्लेट काढावी, दिव्यांच्या काचांना चिकटपट्टी लावावी, इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट तारेने बांधावा. कूलंट सांडले तर रस्ता निसरडा होतो, म्हणून अनेक आयोजक रेडिएटरमध्ये साधे डिस्टिल्ड पाणी भरायला सांगतात. इंजिन ऑइल जासो एमए२ या दुचाकीसाठीच्या दर्जाचेच असावे. कारच्या ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी दुचाकीचा ओला (ऑइलमध्ये बुडालेला) क्लच घसरू शकतो. परत रस्त्यावर येण्याआधी पाण्याच्या जागी कूलंट भरावे, टायरची हवा पूर्ववत करावी, आरसे आणि नंबरप्लेट बसवावी. विम्याची पॉलिसीही आधीच वाचून ठेवावी: शर्यत आणि वेगचाचणीत झालेले नुकसान सर्वसाधारण दुचाकी विम्यात धरले जात नाही.

आपला,
एक दुचाकी मिस्त्री, पुणे