शिलाई मशीनवाल्या काकांना, माझ्या गाडीच्या वतीने

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. नाव घालू नकोस असं बजावलंत, ते मात्र पाळते आहे.

तुम्ही पहिल्यांदा बॉनेटखाली डोकावलात तेव्हा मी पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या (तो हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देतो) सगळ्या जोडांना तिसऱ्यांदा तेलाने न्हाऊ घालत होते. ‘रेस अडकते, पाय काढला तरी इंजिनचा वेग उतरत नाही,’ एवढंच सांगितलं तुम्हाला. खरं तर आदल्या दिवशी भलतीच घाबरले होते. वळणाआधी पाय उचलला तरी इंजिन ओरडतच राहिलं. क्लच दाबला, किल्ली एक घर मागे घेतली आणि गाडी कडेला लावली. (स्टिअरिंग लॉकची गाडी असेल तर किल्ली तेवढीच फिरवायची. त्याहून मागे नेली की चाकं वळवता येत नाहीत.)

वैताग असा की इंजिन बंद केलं की सगळं सुतासारखं सरळ. पेडल दाबा, सोडा, टक्कन जागेवर. मॅट बाजूला केली, केबल नवी टाकली, तरी तेच. मग मी रेस मागे ओढणारी जास्त कडक स्प्रिंग लावली आणि वर आणखी एक जोडली. तुम्ही त्या दोन स्प्रिंगांकडे बघितलंत आणि म्हणालात, ‘मोटारीतलं मला काही कळत नाही. पण हे दोष शोधणं नाही, दोषावर बसून राहणं आहे.’ मला राग आला होता, आज कबूल करते.

त्यानंतर तुम्ही जे बोललात त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. ‘आमच्याकडे गिऱ्हाईक मशीन आणायचं, म्हणायचं टाका सोडते. रिकामी चालवली तर चकाचक. मी म्हणायचो, कापड आणा, ज्याच्यावर सोडते तेच कापड. तू कापड न घालता मशीन चालवून बघते आहेस.’

गाडीला कापड कुठलं, हे त्या क्षणी दोघांनाही ठाऊक नव्हतं. रात्री मॅन्युअल घेऊन बसले तेव्हा उजेड पडला. माझी गाडी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, तिला एसयू कंपनीचे एचएस४ जातीचे दोन कार्ब्युरेटर. त्यातली बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी-मिटणारी गोल चकती, दीड इंचाची, म्हणजे क्षेत्रफळ अकरा चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. पाय काढला, बटरफ्लाय मिटत आली की इंजिन आतून हवा ओढत राहतं आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीत, निर्वात तयार होतो. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून जास्त ओढ असते. हिशेब केला तर त्या बिस्किटाएवढ्या चकतीवर सहा-सात किलोंचा रेटा! आणि तो सगळा पेलतो कोण, तर चकतीतून आरपार जाणारा बारीक दांडा, स्पिंडल. इंजिन बंद, तर रेटा शून्य. मी इतके दिवस रिकामी मशीन फिरवत होते. सकाळी हा आकडा सांगितला तेव्हा तुम्ही नुसतं ‘मिळालं का कापड?’ म्हणालात आणि बाह्या सरसावल्यात.

दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प सैल करायचं तुम्हीच सुचवलंत. ‘दोघं हातात हात घालून उभे असले की अडखळतो कोण ते कळत नाही.’ क्लॅम्प सुटल्यावर इंजिन चालू ठेवून एकेक लिव्हर बोटाने उघडून सोडला. पुढचा टक्. मागचा येता येता शेवटच्या थोड्या अंतरावर रेंगाळला, आणि इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास गुरगुरत राहिलं. मागच्या स्पिंडलच्या टोकाशी क्लीनरचा फवारा मारला तर इंजिनचा आवाज बदलला. म्हणजे तिथून हवाही आत शिरत होती. आयडलिंग लंगडतं म्हणून मी वर्षभर मिश्रणाचा नट उगाच पिळत होते, ते पाप वेगळंच.

कार्ब्युरेटर काढून टेबलावर आला, तो प्रसंग मला फार आवडतो. वरची घुमटी आणि पिस्टन तुम्ही असे उचललेत की आतली सुई कशालाही टेकली नाही. मग पेन्सिलीचं रबराचं टोक चकतीच्या बरोबर मध्यावर ठेवून इंजिनच्या बाजूला रेटलंत आणि मला म्हणालात, ‘आता फिरव.’ मघापर्यंत लोण्यासारखा फिरणारा स्पिंडल खरखरला आणि अडला. पेन्सिल काढली, मोकळा. लावली, अडला. तीन वेळा करून बघितलं, कारण मला विश्वासच बसत नव्हता.

स्पिंडल बाहेर काढल्यावर तुम्ही तो डोळ्यांनी पाहिलाही नाहीत, नखानेच तपासलात. दोन्ही बाजूंना, जिथे तो कार्ब्युरेटरच्या अंगात फिरतो तिथे, नख अडकेल इतकी कड पडली होती. माझ्या जादा स्प्रिंगांनी त्याला एका बाजूला खेचून ती झीज वाढवलीच असणार. तेलावर धूळ बसून वाटण झालं होतं, ते निराळं. ‘तेल दिलं की दोष झोपतो, जात नाही,’ म्हणालात. वर चकतीही एका अंगाला सरकलेली. उजेडासमोर धरली तर एका बाजूला चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला काळोख. ती मी स्वतः बसवली होती. हे सांगताना मी मान खाली घातली, आणि तुम्ही काहीच न बोलता चष्मा पुसलात.

नवा स्पिंडल बसला आणि अंगातली भोकं शाबूत निघाली हे नशीब. नाहीतर ती मोठी करून आत बुश (धातूची बारीक नळी) बसवावे लागले असते आणि ते काम घरच्या टेबलावर होत नाही. या वेळी चकतीचे स्क्रू आधी सैलच ठेवले, बटरफ्लाय दोनदा मिटून तिला तिची जागा धरू दिली आणि मग आवळले. त्या स्क्रूंची टोकं चिरलेली असतात, ती फाकवायची, म्हणजे स्क्रू सुटून इंजिनात जात नाही. जुने मी न फाकवताच सोडले होते. ही गोष्ट आठवली की अजून पोटात गोळा येतो.

मधल्या चहाच्या वेळी मी सांगितलं की एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, ते स्किनर बंधू पादत्राणांच्या धंद्यातल्या घरातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरात पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. तेव्हा तुम्ही जे हसलात! ‘मग आमच्यातलेच की!’

जोडणी करताना लिव्हरची पिन आणि फोर्क यांच्यात थोडी मोकळीक ठेवली, म्हणजे पाय काढल्यावर दोन्ही बटरफ्लाय आपापल्या स्टॉप स्क्रूवर बसतात. रबरी नळी कानाला लावून दोघांची फुसफुस सारखी करायची वेळ आली तेव्हा तुम्ही कानाचं यंत्र काढून खिशात टाकलंत आणि नळी माझ्या हातात दिलीत. ‘इथून पुढे तुझं.’ जादा स्प्रिंगा काढून मूळच्याच लावल्या. पाय उचलताच इंजिन खाली बसलं. मी पंधरा-वीस वेळा रेस देऊन बघितलं, तुम्ही पेट्रोल फुकट घालवू नकोस म्हणेपर्यंत.

झिजलेला स्पिंडल तुम्ही मागून घेतलात, कशाला ते सांगितलं नाहीत. मीही काहीतरी ठेवून घेतलं आहे. तुमची लांब नाकाची पक्कड माझ्या डब्यात आली आहे, चुकून नाही. पुढच्या कार्ब्युरेटरचा स्पिंडलही एकदा नखाने तपासायचा आहे. तेव्हा पक्कड न्यायला या आणि येताना पेन्सिल घेऊन या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची