सुभेदार काका, आजीच्या दोन्ही नावांकडून

ती. सुभेदार काका यांस
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही चपला घालून निघता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. राग आलाच तर पाडव्याला आजीशी भांडा. पत्र लिहायला तिनं सांगितलंय, शब्द तेवढे माझे.

मागच्या वर्षी आषाढात आजोबा गेले. दिवस झाल्यावर बाबा आणि मी आजीला घेऊन बँकेत गेलो, फॅमिली पेन्शनसाठी. काउंटरवरच्या माणसानं आजीचं आधार कार्ड पाहिलं, संगणकात पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "या नावाची बायको रेकॉर्डला नाही." त्यानं काही उद्धटपणे म्हटलं नव्हतं. पण सत्तावन्न वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल! येताना ती एसटीत खिडकीकडे तोंड करून बसली आणि घर येईपर्यंत बोलली नाही.

भानगड साधी होती. लग्नात सासरच्यांनी तांदळात बोट फिरवून तिचं नाव बदललं. आजोबांनी पलटणीत तेच लिहवलं, तेही क्लार्कनं एक अक्षर चुकवून. आणि कितीतरी वर्षांनी आधार काढताना तिला नाव विचारलं, तेव्हा तिनं आईबापानं ठेवलेलं सांगितलं. आम्ही तिला त्यावरून बोललोही. आता वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला तिचं नाव विचारलं असेल. दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. ती तिची आहेत.

काका, एक गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात त्याच्या आदल्या रात्री मी आजीला म्हणाले होते, "कशाला एवढी दगदग? आम्ही मिळवतो की." तिनं हातातली वात तशीच खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमचा पैसा तुमच्यापाशी. ह्यो त्यांचा हाय. मी त्यांचाच खाणार." मला तो हट्ट वाटला. तुम्हाला मात्र हे सांगावं लागलं नाही. तुम्ही ओट्यावर बसलात, पाणी प्यायलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "पेटी कुठं आहे?"

ती काळी लोखंडी पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचा नंबर आणि नाव. आम्ही त्यात जुन्या गोधड्या भरल्या होत्या. तुम्ही गोधड्या बाजूला करून तळातलं डिस्चार्ज बुक काढलंत, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, पिवळी पडलेली प्रत काढलीत आणि वहीत लिहून घेतलंत. आधी नंबर, मग रँक, मग नाव. "फौजेत माणूस याच क्रमानं ओळखतात, बाळ. अर्ज पण याच क्रमानं लिहायचा." बाबांनी आधी पाठवलेले दोन अर्ज कुठल्या कुठे गेले होते. त्यांत नंबरच नव्हता.

मग सुरू झाली तुमची मोहीम. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, दोन साक्षीदार, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात. तिथून एक त्रुटी निघून कागद परत. पुन्हा बेळगाव. मग प्रयागराज, जिथून फौजेची पेन्शन मंजूर होते. या चौदा महिन्यांत तुम्ही दोनदा स्वतःच्या खर्चानं बेळगावला गेलात, हे आम्हाला काकूंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. आजी म्हणाली, विठोबानंच माणूस धाडला. तुम्ही म्हणालात, "विठोबा नाही काकी, बेळगावचा क्लार्क पावला पाहिजे." ती इतकी हसली! आजोबा गेल्यावर पहिल्यांदा.

आणि ती घागर! साक्षीदार म्हणून जुनं कुणी उरलं नाही म्हणून तुम्ही माजघरात उभे होतात, तेव्हा तुमची नजर मांडणीवर गेली. लग्नात आलेली पितळी घागर. गळ्याशी कोरलेलं सासरचं नाव, मामांचं नाव, १९६७. तुम्ही मोबाईलवर तिचा फोटो काढलात आणि अर्जाला जोडलात. त्या फोटोचा उपयोग झाला की नाही, देव जाणे. पण त्या दिवसापासून आजी ती घागर चिंचेनं घासते, जसा काही पुरावा काळा पडू नये.

दिवाळीच्या फराळाला आजोबा एकच गोष्ट सांगायचे, तुम्हालाही पाठ असेल. डिसेंबर १९७१, जमालपूर, आजच्या बांगलादेशातलं. समोर पाकिस्तानची बलुच पलटण वेढ्यात अडकलेली. आपल्या ब्रिगेडियरनं ९ तारखेला शरण येण्यासाठी चिठ्ठी पाठवली. आपल्या बाजूनं लढणाऱ्या मुक्तिवाहिनीतल्या एका म्हाताऱ्या बंगाली माणसानं ती नेली. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून: पेन फार चालवता, आता हातात स्टेनगन घ्या. आणि दुसऱ्या दिवशी रात्री ते वेढा फोडायला निघाले, ते नेमके आपल्या जंगी पलटणीच्या, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनच्या, मोर्च्यांवर येऊन आदळले. इथे आजोबा थांबायचे, चकलीचा तुकडा मोडायचे. त्या रात्रीचं पुढचं ते कधीच सांगायचे नाहीत. लहानपणी आम्हाला वाटायचं गोष्ट संपली. तुम्ही त्याच पलटणीत बऱ्याच वर्षांनी भरती झालात, तुम्ही ती तिथे ऐकलीत. तुम्हाला पुढचं माहीत आहे, तरी तुम्हीही तिथेच थांबता, हे माझ्या लक्षात आलंय.

आजोबांना पेनाचं काम कमी दर्जाचं वाटायचं, ते या गोष्टीमुळेच असावं. कागद बघितले की चिडायचे, म्हणून तर नावातलं ते चुकलेलं अक्षर जन्मभर तसंच राहिलं. त्यांच्या बायकोला तिचा हक्क मिळवून दिला तो त्यांच्याच पलटणीच्या माणसाच्या काळ्या शाईच्या पेनानं. हे त्यांना सांगायला हवं होतं. चिडले असते आणि मग गालात हसले असते.

दिल्लीतलं राष्ट्रीय युद्ध स्मारक मी पाहून आले होते, २०१९ मध्ये ते उघडल्यानंतर दोनेक वर्षांनी. त्यागचक्राच्या भिंतींवर सोनेरी अक्षरांत नावं, नावं आणि नावं. तेव्हा मी फोटो काढत फिरले. आता गेले तर दुसरंच मनात येईल, की यातल्या प्रत्येक नावामागे घरी एक नाव असणार, आणि ते कुठल्यातरी रजिस्टरात बरोबर लिहिलेलं असेल ना? सव्वीस जानेवारीला आपल्या गावात वीरपत्नींना शाल-श्रीफळ देतात, भाषणं होतात, टाळ्या पडतात. तुम्ही त्या दिवशी मांडवाच्या मागे कुणाच्या तरी पासबुकाची झेरॉक्स तपासत असता. गेल्या वेळी तुम्हाला स्टेजवर बोलावलं तर माईकवरून तुम्ही ध्वजदिन निधीची आठवण करून दिलीत आणि उतरलात. लोक हिरमुसले. मला ते भाषण सगळ्यांत आवडलं.

दसऱ्यानंतर पैसे जमा झाले, मागच्या सगळ्या थकबाकीसह. आजीनं पासबुक देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आजोबांच्या फोटोला सांगितलं, "आलं बघा तुमचं." मग कपाटातून नवं पातळ काढलं, जे ती दोन वर्षं नेसली नव्हती. मी तिला विचारलं, पहिल्या पैशांतून काय घ्यायचं? तर म्हणाली, चार किलो भाजणी. मी चकित झाले. चौकशी केल्यावर कळलं की तुमच्या यादीत अजून तीन बायका आहेत, ज्यांचे कागद अडकलेत, आणि त्यांच्या घरी यंदा आजीकडून चकल्या जाणार आहेत. यादी तुम्ही कुणाला दाखवत नाही. ती तिनं काकूंकडून काढून घेतली.

नोव्हेंबरात तिला हयातीचा दाखला द्यायचा आहे, तिच्या नावावर पहिल्यांदाच. आजोबा असताना ती सोबत जायची आणि बाहेर बाकावर बसायची. यंदा आत जायचंय. तुम्ही बरोबर चला म्हणते. काम काही नाही, नुसतं बरोबर चला.

फराळाचा डबा बाबांबरोबर पाठवतेय. काकूंना सांगा, धुऊन रिकामा परत पाठवू नका, निदान चिमूटभर साखर घालून द्या, आजीला रिकामा डबा चालत नाही. झाकण उलटं करून पाहा. परवा बाजारात भांड्यांवर नाव घालणारा बसला होता, त्याच्याकडून आजीनं कोरून घेतलंय. वरच्या ओळीत माहेरचं, खाली सासरचं. अक्षर न चुकता.

तुमची,
हवालदारांची नात