शेपटी खाली असलेलं विमान

चाचा, सलाम.

पत्र मराठीत लिहितेय. नातवाकडून वाचून घ्या. अडखळला तर कान धरा त्याचा, माझ्याच वर्गात होता.

शाळेच्या आवारात तुम्ही घडवलेलं, वैमानिक प्रेम माथुर यांच्या आठवणीचं लोखंडी विमान उभं राहून महिना होत आला. त्या दिवशी मंचावर पाच जणांना शाल-श्रीफळ मिळालं. त्यांतल्या एकानंही त्या लोखंडाला बोट लावलेलं नव्हतं. तुम्ही मागं टेम्पोपाशी उभे होतात आणि पंगत बसायच्या आधीच निघूनही गेलात. ते मला लागून राहिलंय, म्हणून चारचौघांत लिहिते.

दोन वर्षं हे काम रखडलं. माजी विद्यार्थ्यांनी शंभर-पाचशे करून जमवलेल्या पैशांतून पहिल्या ठेकेदारानं पंधरा हजारांची उचल घेतली आणि दिवाळीतल्या रॉकेटसारखं काहीतरी आणून टाकलं. विचारलं तर म्हणे, "बाई, कोण मोजायला येतंय?" पुढं फोनच उचलेना. एक पुढारी सगळा खर्च करायला तयार होते, फक्त कोनशिलेवर त्यांचं नाव वर आणि ठळक, प्रेम माथुर यांचं खाली. एका साहेबांनी तर फाइल न उघडताच विचारलं, "या बाई आपल्याकडच्या कुठं?"

साहेब, आपल्याकडच्याच. प्रेम माथुर यांनी 1947 मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. असा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. 1949 मध्ये राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. पण सुरुवातीला, परवाना हाती असूनही, बाई विमान चालवते म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, असं म्हणून कंपन्या त्यांना दारातूनच परत पाठवायच्या. दार उघडलं ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं. (तिथंही शेजारच्याच खुर्चीवर बसवलं, सहवैमानिक म्हणून. असो.) ही कंपनी निजामाच्या रेल्वेनं टाटांना सोबत घेऊन काढलेली. जालन्याहून परभणीला जाताना आपण ज्या मार्गानं जातो तो त्याच निजामाच्या रेल्वेचा होता, आणि 1956 पर्यंत आपला मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता. मग आपल्या लेकरांनी त्यांचं नाव का वाचू नये?

चाचा, तुम्ही यातलं काही विचारलं नाहीत. मी डाकोटाचा, म्हणजे डेक्कन एअरवेज उडवायची त्या विमानाचा, फोटो पुढं केला, तुम्ही चष्मा पुसलात आणि बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "इसकी पूंछ नीचे बैठीच है क्या?" मी सांगितलं, हो, पुढं दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक छोटं, त्यामुळं जमिनीवर ते नाक वर करूनच उभं राहतं. याआधी ज्याला ज्याला फोटो दाखवला त्यानं ते "सरळ करून देतो" म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "तो वैसाच बनाते." खऱ्या डाकोटाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 95 फूट, आपले साडेनऊ. टेप लावून मीच मोजले. एक बोटही कमी भरलं नाही.

पण मला आठवतो तो शेवटचा दिवस. रंग देण्याआधी तुम्ही विमानाभोवती उकिडवे बसत बसत फिरलात आणि प्रत्येक कडेवरून मनगटाची आतली बाजू फिरवलीत. तळहात नव्हे, मनगट. मी विचारलं, तर हात पुढं केलात. वेल्डिंग करून करून घट्टे पडलेला. "इसको कुछ समझताच नहीं मॅडम, चमडा मोटा हो गया." शेपटीच्या टोकाशी मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. ते पुसून तुम्ही ग्राइंडर बाजूला ठेवलात, कानस घेतली आणि तेवढ्याच जागेवर घासत बसलात. पुन्हा मनगट, पुन्हा कानस. "बच्चे हात लगातेच ना."

शेपटी बरोबर पहिलीतल्या पोराच्या हाताच्या उंचीवर येते. हे दोन वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी छत्तीस वर्षं लेकरांत काढलीत. कुणी तपासणार नव्हतं, बिलात त्याची ओळ नव्हती. अशी माणसं दिसत नाहीत असं आपण उठता-बसता म्हणतो. असतात हो. टेम्पोपाशी उभी असतात, आपण मंचाकडं तोंड करून बसलेलो असतो.

कोनशिलेवर तुमचं नाव घालू दिलं नाहीत. नको म्हणालात, ते ऐकलं. पण पुढच्या आठवड्यात या. शेपटीवरचा सिल्व्हर रंग उडालाय, पोरांचे हात लागून लागून. एक डबा पुरेल. ब्रश माझ्याकडं आहे, आणि या वेळी जेवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
शाळेतल्या बाई