निर्णय माझ्यावरच सोपवणाऱ्या समुपदेशक ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या भेटी थांबून बराच काळ लोटला. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण मदत कशी केली हे, अशाच नात्यात घुसमटणाऱ्या इतरांनाही कळावे असे वाटते.

माझा थोरला भाऊ दुष्ट नाही. वडिलांच्या माघारी त्यानेच घर सावरले आणि माझ्या शिक्षणाचा खर्च उचलला. मात्र त्या उपकारांच्या बळावर माझी नोकरी, माझा पगार, माझे मित्र, इतकेच काय, मी घरी किती वाजता परतावे हेही तोच ठरवू लागला आणि मनाविरुद्ध काही घडले की मी माफी मागेपर्यंत अबोला धरू लागला.

मारहाण, धमकी किंवा कोंडून ठेवणे असे काही घडते का, हे आपण पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारले. तसे असते तर आधी सुरक्षिततेची सोय पाहावी लागली असती. तसे नाही याची खात्री झाल्यावरच आपण समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इमर्सन यांनी १९६२ मध्ये मांडलेला विचार समजावून सांगितला: एकाची दुसऱ्यावरील सत्ता म्हणजे त्या दुसऱ्याचे पहिल्यावरील अवलंबित्व, आणि हे अवलंबित्व दोन गोष्टींवर ठरते, हवी असलेली गोष्ट किती निकडीने हवी आहे आणि ती अन्यत्र मिळू शकते की नाही. भावाला बदलण्याच्या खटाटोपात अडकलेल्या मला त्यामुळे प्रथमच स्वतःच्या हातातले काही दिसले. बँकेचे संदेश माझ्या मोबाइलवर येऊ लागले, कागदपत्रे माझ्या कपाटात आली. हे सोपे होते. त्याची शाबासकी मात्र दुसरीकडे कुठेच मिळणारी नव्हती, त्यामुळे तिची ओढच कमी करणे भाग होते, आणि त्यातच सर्वाधिक काळ गेला.

मी माफी मागणे थांबवल्यावर अबोला आधी वाढेल, नातेवाइकांकरवी निरोप येतील आणि आई मध्यस्थीला धावेल, हे आपण आधीच सांगून ठेवले होते. सारे तसेच घडले. ते आधी ठाऊक नसते तर मी पुन्हा नमते घेतले असते, यात मला शंका नाही.

परंतु सर्वांत मोठे ऋण वेगळेच आहे. 'मी काय करू ते तुम्हीच सांगा' अशी गळ मी वारंवार घातली आणि प्रत्येक वेळी आपण 'तुम्हाला काय हवे आहे?' एवढेच विचारले. त्या वेळी, खरे सांगतो, याचा संताप येई. मनोचिकित्सक स्टीफन कार्पमन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या, नात्यांतील भूमिकांच्या त्रिकोणात छळणारा आणि सोसणारा यांच्याबरोबर तारणहारही असतो, आणि त्याच्या मदतीने सोसणारा दुबळाच राहतो, हे पुढे वाचनात आले, तेव्हा त्या प्रश्नाचे मोल उमगले. आपण उत्तर दिले असते तर भावाच्या जागी मी आपल्याला बसवले असते.

आज भाऊ आणि मी बोलतो, भांडतोही. पैशांविषयी तो अजून विचारतो. सांगायचे की नाही ते मी ठरवतो. मागच्या मतभेदानंतर मी माफी मागितली नाही, आणि काही दिवसांनी तोच आपणहून बोलायला आला.

आपले नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही. ते आपल्याला रुचले नसते.

आपला कृतज्ञ,
एक धाकटा भाऊ