पाऊस, खिडकी आणि आईचे रिंगण : काकांस जाहीर आभारपत्र

डोंबिवली,
१२ जुलै २०२५

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही समोरच्याच विंगेत राहता, त्यामुळे आईच्या खोलीतला सारखा अडकणारा टीव्ही तुम्ही सुरळीत केलात, त्याचे आभार मानायला पत्राची गरज नव्हती. तुमच्या दारात येऊन मी ते दोनदा मानलेही. दोन्ही वेळा "बाई, त्यात काय एवढे" म्हणून तुम्ही विषय बदललात आणि मी आणलेले पाकीट न उघडता परत दिलेत. मी फारच आग्रह केला तेव्हा म्हणालात, "द्यायचेच असेल तर जे झाले ते नीट लिहून काढा, कारण आपल्या सोसायटीत निम्म्या घरांत नेटची वायर खिडकीतूनच आत आलेली आहे." तुमची ही सूचना मी आज्ञा मानली आहे, आणि म्हणून हे पत्र तुमच्या नावे असले तरी सर्वांनी वाचावे असे लिहिले आहे.

माझ्या आईने एकोणीस वाऱ्या पायी केल्या. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिची वारी तिच्या खोलीतल्या टीव्हीवर होते. आळंदीचे प्रस्थान, दिवेघाट, नीरेतले पादुकांचे स्नान, मग चांदोबाच्या लिंबापासून सुरू होणारी रिंगणे, हे सगळे ती यूट्यूबवरच्या थेट प्रक्षेपणांत पाहते. पाहते म्हणण्यापेक्षा ती त्यात असते. टाळ मांडीवर असतात आणि पादुकांचे स्नान चालू असताना ती पलंगावर पाठ टेकत नाही. डिशची जोडणी आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकली, त्यामुळे नेट बंद पडले की तिची वारीही थांबते. हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितले नव्हते. मी फक्त "टीव्ही अडकतो" एवढेच म्हणाले होते, आणि तुम्ही आईच्या उशाशी ठेवलेले टाळ पाहून बाकीचे ओळखलेत.

तुम्ही येण्याआधी आम्ही काय काय करून बसलो होतो ते सांगणे भाग आहे, कारण बहुतेक घरांत हेच होत असणार. संध्याकाळी चित्र धूसर होणे आणि मधूनच गोल चक्र फिरत राहणे हा त्रास हिवाळ्यापासून होता. यंदा पाऊस मेअखेरीसच आला आणि त्याच्याबरोबर चित्र दोन-दोन तास पूर्ण बंद पडू लागले. कंपनीच्या मदत क्रमांकावर दर वेळी राउटर बंद करून चालू करायला सांगत. एकदा तंत्रज्ञ आला, राउटरच्या शेजारी उभा राहून त्याने मोबाइलवर वेग मोजला, तो १०० पैकी ९४ एमबीपीएस भरला, आणि लाइन उत्तम असल्याचे सांगून तो गेला. त्याचे आकडे खरे होते. पण आई राउटरशेजारी बसून टीव्ही पाहत नाही, ही गोष्ट त्याला विचारावीशी वाटली नाही आणि मलाही सुचली नाही. मग आम्ही २०० एमबीपीएसचा महाग प्लॅन घेतला. काही फरक पडला नाही. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण सुरू झाले, माउलींचा स्वाराविना धावणारा अश्व दौडू लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे पाय, मान, आयाळ सगळ्याच्या चौकटी-चौकटी झाल्या आणि चित्र गोठले. आई काही बोलली नाही. तिने टाळ पिशवीत ठेवले. त्या संध्याकाळी मी नवा टीव्ही घ्यायला निघाले होते, आणि जिन्यात तुमची गाठ पडली.

तुम्ही टीव्हीला हात लावला नाहीत, रिमोटही मागितला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात तो असा : "बंद पडते तेव्हा राउटरच्या डबीवर कोणते दिवे असतात?" मला सांगता आले नाही. मग तुम्ही टेलिफोन खाते सोडून अकरा वर्षे झाली तरी न सुटलेली तुमची रीत सांगितलीत. फोन मुका झाल्याची तक्रार आली की लाइनमन आधी रोझेटच्या, म्हणजे भिंतीवरच्या फोनजोडणीच्या, डबीतून घरची वायर सोडवून आपला टेस्ट फोन लावीत असे. डायल टोन आला तर दोष घरात, नाही आला तर डीपीच्या, म्हणजे जिथून घरोघरच्या लाइनी फुटतात त्या, खांबाकडे चालू लागायचे. दोष कुठल्या बाजूला आहे हे ठरल्याशिवाय काहीही बदलायचे नाही. "तुम्ही शाळेच्या बाई आहात, वही घाला," असे म्हणून तुम्ही मला तीन दिवसांचे काम दिलेत : केव्हा अडकले, काय पाहत होतो, त्याच वेळी घरातले मोबाइल वायफायवर चालत होते का, आणि डबीवरचे दिवे.

तीन दिवसांनी वहीकडे पाहताना जे मला दिसले नाही ते तुम्हाला एका नजरेत दिसले. आमच्या घरात एक नव्हे, दोन दोष होते, आणि आम्ही त्यांना एकच समजून दोन्हींवर एकच औषध देत होतो. संध्याकाळी आठ ते अकराच्या नोंदींत फक्त टीव्ही अडकत होता, मोबाइल चालू होते आणि दिवे हिरवे होते. दुसऱ्या प्रकारच्या नोंदींत सगळेच बंद, आणि डबीवर एलओएस लिहिलेला दिवा लाल. प्रकाशाचा संकेत डबीपर्यंत पोहोचतच नाही, असा त्या लाल दिव्याचा अर्थ आहे, हे मला पन्नाशीत प्रथमच कळले. असा दिवा लागला असताना राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो.

लाल दिव्याच्या प्रत्येक नोंदीसमोर मी "पाऊस" असे लिहिले होते, आणि मला वाटले, कारण सापडले. डिश होती तेव्हा जोराच्या पावसात चित्र जातच असे. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी शब्दशः टिपून ठेवले आहे : "डिशचा संकेत आकाशातून पावसातून येतो, म्हणून तो पावसात विरतो. हा काचेच्या तंतूतून येतो. पाऊस या प्रकाशाला अडवत नाही. पाऊस आला की घरात काय होते ते पाहा." आम्ही सगळे तुमच्याकडे पाहत राहिलो. उत्तर आईने दिले. पलंगावरूनच म्हणाली, "पाऊस आला की ही खिडकी लावते."

फायबरची वायर आईच्या खोलीच्या सरकत्या खिडकीच्या चौकटीतून आत आली होती. ती बसवली तेव्हा उन्हाळा होता आणि खिडकी सदा उघडी असे. पाऊस आला की मी ती घट्ट ओढून घ्यायची, आणि ॲल्युमिनियमची कड त्या वायरीला मुरड घालून दाबून धरायची. तुम्ही लॅपटॉपवर राउटरचे पान उघडून आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा आम्हाला दाखवलात : खिडकी उघडी असताना उणे १९ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप, आणि उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. मग मला म्हणालात, "आता लावा." मी खिडकी ओढली. आकडा उणे २४ झाला, २७ झाला, २९ झाला, आणि दिवा लाल झाला. खिडकी उघडली, दिवा हिरवा. दहा डेसिबलचा फरक म्हणजे प्रकाश दहावा हिस्सा उरणे, आणि तंतू तीव्र वाकला की प्रकाश त्या वळणावरच बाहेर सांडतो, हे तुम्ही समजावलेत. आईने ती खिडकी स्वतःच्या हाताने लावून-उघडून पुन्हा पाहिली. तिचा विश्वास पूर्ण बसेपर्यंत, तीनदा, तुम्ही थांबलात.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तंत्रज्ञाला फोन करून नेमके काय हवे ते तुम्हीच सांगितलेत. तो मुलगाही मनापासून काम करून गेला, हे इथे लिहिले पाहिजे. त्याला कोणी आधी नीट सांगितले नव्हते, एवढाच त्याचा दोष. भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे, म्हणजे पाणी आत येत नाही. वायरीला भोकाच्या खाली एक सैल झोल सोडावा, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतात. वायर खिळ्याने आवळू नये. जुने टोक कापून नवा हिरवा कनेक्टर बसला आणि आकडा उणे १८ वर स्थिरावला.

संध्याकाळच्या दोषाचे कारण मात्र आमच्या भिंतींत आणि शेजाऱ्यांच्या घरांत विभागलेले होते. राउटर दिवाणखान्यात, आईची खोली दोन भिंतींपलीकडे, आणि मध्ये साड्यांनी भरलेले लोखंडी कपाट. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा तिथवर पोहोचत नव्हता, म्हणून टीव्ही आपोआप २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जाई. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि आईच्या पलंगाजवळ तुमच्या लॅपटॉपला तेवीस घरांची वायफाय दिसत होती. रात्री आठला सगळे घरी आले की ती सारी जागी होणार. तुम्ही राउटरला पिंग लावून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजून, दाखवलात तेव्हा उत्तर कधी चार मिलिसेकंदांत येई, कधी चारशेंत, कधी येतच नसे. ही सारी वाट घरातल्या घरात होती. बाहेरच्या लाइनचा तिच्याशी काही संबंधच नव्हता, मग २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन काय होणार?

त्याच वेळी मी तुम्हाला विचारले होते की जुने सिनेमे बरे चालतात, मग रिंगणच का अडते. त्यावर तुम्ही गच्चीवरची टाकी दाखवलीत. नळाला पाणी कमी-जास्त आले तरी टाकी भरलेली असली की घरात धार सारखी राहते. टीव्हीही पुढचे चित्र असेच साठवून ठेवतो. सिनेमा पूर्ण तयार असतो, त्यामुळे टाकी मोठी भरता येते. थेट प्रक्षेपणात पुढचे पाणी अजून धरणातच असते, साठवणार काय? टाकी काही सेकंदांचीच, आणि वाट अडली की लगेच कोरडी. शिवाय चित्राचे तुकडे हलक्या आणि भारी प्रतींत तयार ठेवलेले असतात. वाट अरुंद झाली की टीव्ही हलकी प्रत मागतो. कीर्तनकार एका जागी उभा असतो तेव्हा हलकी प्रतही खपून जाते. दौडणाऱ्या अश्वाला क्षणोक्षणी नवे चित्र लागते, आणि ते त्या प्रतीत मावत नाही, म्हणून चौकटी दिसतात. आईची इतक्या महिन्यांची समजूत होती की आपलेच डोळे गेले. त्या दिवशी तिला किती हलके वाटले, हे तुम्हाला कळावे म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

उपाय तुम्ही साधा सांगितलात : टीव्हीला सरळ वायर जोडा. पंधरा मीटर कॅट-सिक्स, म्हणजे नेटची आठ तारांची वायर, आणली, ती दरवाजांच्या चौकटीवरून पट्टीत घातली, आणि टोके तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून बांधलीत. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, असे पुटपुटत तुम्ही आठ तारा अंगठ्याखाली सरळ केल्यात, एका रेषेत कापल्यात, प्लगमध्ये सरकवल्यात आणि उजेडाकडे धरून आठही टोके प्लगच्या पुढच्या कडेला टेकली आहेत का ते पाहिलेत. पहिला प्लग तुम्हाला पसंत पडला नाही. तो कापून टाकून तुम्ही पुन्हा पहिल्यापासून केलात. त्यानंतर पिंग एक मिलिसेकंदाच्या आत आले आणि तिथेच राहिले. टीव्हीचे वायरीचे भोक १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही हेही तुम्ही सांगितलेत आणि त्याने बिघडत नाही हेही, कारण नेटफ्लिक्ससारखी सेवासुद्धा फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरे मानते. आम्ही पुन्हा जुन्या प्लॅनवर आलो आहोत.

जाता जाता तुम्ही टीव्हीतली न वापरलेली ॲप काढून जागा मोकळी केलीत आणि रिमोटने बंद केलेला टीव्ही नुसता झोपलेला असतो, म्हणून आठवड्यातून एकदा प्लग काढून मिनिटभर थांबावे, असे सांगितलेत. ते मी करते.

बाजीराव विहिरीजवळचे गोल रिंगण आईने सलग पाहिले. मावसभाऊ दिंडीत होता, त्याने फोन करून "झाले बघ रिंगण" म्हटले, तेव्हा आमच्या टीव्हीवर अश्व शेवटच्या फेरीत होता. तुम्ही आधीच सांगून ठेवले होते की थेट म्हटले तरी चित्र काही सेकंद मागून येते, म्हणून आईने त्याला "थांब, आमचे चालू आहे" म्हणून फोन खाली ठेवायला लावला. अश्व गेला आणि वारकरी टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. त्या मातीचा कण अन् कण दिसत होता.

६ जुलैच्या पहाटे, शासकीय महापूजेच्या वेळी, इथे पाऊस कोसळत होता. खिडकी घट्ट लावलेली होती. आई अडीच वाजता उठून बसली होती आणि मी मधूनमधून दिवाणखान्यात जाऊन डबी पाहून येत होते. दिवे हिरवेच होते. वहीत त्या रात्रीची नोंद आईने मला सांगून लिहून घेतली : "पाऊस. खिडकी बंद. पांडुरंग दिसला."

मावसभाऊ काला करून काल रात्री परतला. चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का आईने तुमच्यासाठी वेगळा बांधून ठेवला आहे, आणि तो तिला स्वतःच्या हाताने द्यायचा आहे. चुरमुरे सादळायच्या आत काकूंना घेऊन या.

तुमची नम्र,
समोरच्या विंगेतली बाई