वायू मोजलात, कण कोण मोजणार? केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

७ डिसेंबर २०१५ रोजी आपल्याच मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली. ५०० मेगावॉट आणि त्यापुढच्या जुन्या संचांना धुराच्या घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम, लहान संचांना ६००. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढत वाढत गेली आणि ११ जुलै २०२५च्या अधिसूचनेने देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांची एफजीडी, म्हणजे धुरातला हा वायू चुनखडीने अडवणारी यंत्रणा, बसवण्यातून सुटका झाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या संचांचा निर्णय प्रकरणनिहाय होणार. आमचे औष्णिक केंद्र त्यांतच येते. म्हणजे चंद्रपूरने अजून थांबायचे.

शहरांच्या हवेत हा वायू ८० मायक्रोग्रॅमच्या मानकाखाली आहे, असे कारण दिले जाते. असणारच. २७५ मीटरची चिमणी त्यासाठीच बांधतात. पण वायू वर गेला म्हणजे संपला नाही. वाटेत त्याचे कण होतात आणि वायू मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाहीत.

उन्हात हवेतले हायड्रॉक्सिल मूलक या वायूला गाठतात आणि पाण्याच्या वाफेसह त्याचे गंधकाम्ल होते. ही वाफ फार काळ वाफ राहत नाही. हवेत धूळ असेल तर तिच्यावर बसते. धूळ कमी असेल तर अमोनियाच्या आधाराने एक-दोन नॅनोमीटरचे नवे कण बांधते. युरिया टाकलेली शेते आणि उकिरडे तो अमोनिया पुरवतात. हिवाळ्यात इरई-वर्धेकाठच्या धुक्याला तर ऊनही लागत नाही. थेंबात विरघळलेल्या वायूचे हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे सल्फेट होते. लोह-मँगनीज असेल तर साधा ऑक्सिजनही ते काम करतो. धुके विरते, कण उरतात. कोरड्या हवेत हे रूपांतर तासाला एखाद-दोन टक्के, म्हणून कण चिमणीच्या पायथ्याशी नाही, शेकडो किलोमीटरवर सापडतात. चिमणीआधीचे ईएसपी, म्हणजे धुरातले कण विजेच्या भाराने पकडणारे यंत्र, राख धरते, वायू नाही.

हिशेब करून पाहा. ५०० मेगावॉटचा संच पूर्ण भारावर तासाला साधारण ३५० टन कोळसा जाळतो. गंधक अर्धा टक्का धरला तर दिवसाला ८० टनांच्या आसपास वायू. एक टन वायूचे दोन टन अमोनियम सल्फेट, म्हणजे अमोनियाशी जुळलेल्या सल्फेटचे कण, होते. निम्म्याच वायूचे कण झाले तरी दिवसाला ८० टन पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. चंद्रपुरात असे पाच संच आहेत, शिवाय २१० मेगावॉटचे दोन. हे कुणाच्या फुप्फुसात जाते, ते दिल्लीतून दिसत नसेल तर इथे या.

एफजीडी सोपे नाही, मान्य. टनभर वायूला दीड टनाहून जास्त चुनखडी लागते, पावणेतीन टन जिप्सम निघते. चुनखडीच्या द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप) ५ ते ६च्या बाहेर जाऊन चालत नाही; ६च्या वर गेला की खपली धरून नोझल तुंबतात, ५च्या खाली गेला की शोषण घटते. पण नव्वद टक्क्यांहून जास्त वायू अडतो आणि हे तंत्र जगात अनेक दशके चालू आहे. ज्यांनी वेळेत खर्च करून ते बसवले, ते मूर्ख ठरले. जे बसून राहिले, त्यांना सूट मिळाली. या देशात नियम पाळणाऱ्यालाच भुर्दंड का?

प्रत्येक चिमणीची तासागणिक नोंद लोकांसाठी खुली करा. वाऱ्याच्या दिशेने १०, २५ आणि ५० किलोमीटरवर पीएम २.५ चे फिल्टर बसवून त्यांतले सल्फेट आणि अमोनियम वर्षभर तपासा. आणि ते आकडे हाती येईपर्यंत चंद्रपूरच्या एकाही संचाला सूट देऊ नका.

आपला,
चंद्रपूरचा एक रहिवासी